उंबरा धरून

अजमत मिस्त्रीनं आधी चप्पल काढली,
मग खिशातून गोटी.
हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवून बोट उचललं.
गोटी जरा विचारात पडली
आणि देवघराकडं निघाली.
"उतार हाय," तो म्हणला, "पण भक्तिमार्गी हाय."

बिडवे सर हसले नाहीत.
त्यांनी घर विकायला काढलं ते श्रावणात,
आणि श्रावणात लातूरची सगळीच घरं पाणीदार दिसतात.
मोटर लावली तर धार अशी
की परसातला शेवगा दचकला.
मी नुसतं "वा" म्हणलं.
फाटकाच्या डाव्या खांबावर, कमरेच्या उंचीला,
मी येतानाच बघितला होता ओरखडा,
एकावर एक, वर्षानुवर्षं त्याच जागी,
टँकर मागं घेताना घासतो तसा.
रंग नवा होता. ओरखडा त्याच्याखालून
जुन्या ओळखीच्या माणसासारखा बघायलाच होता.

समोरच्या ओट्यावर एक बाई तूर पाखडत होत्या.
"पाणी कसं हाय हो इकडं?"
"चांगलंय की," म्हणल्या,
आणि माझ्याकडं न बघता सरांकडं बघितलं.

मिस्त्री मागच्या भिंतीला बोटाच्या पेरानं विचारत फिरला.
भरीव भिंत एकदाच "हो" म्हणते, त्यानं मला शिकवलं,
पोकळ भिंत
हो हो हो म्हणते.
ही भिंत खालच्या हातभर पट्ट्यात
फार हो हो करत होती.

कागद मी बघितले.
गुंठेवारीचा आदेश, घरपट्टीच्या पावत्या,
एका पावतीमागं पेन्सिलीनं
ज्वारी वीस, गूळ दोन, सरांची गोळी
असं कुणाचं तरी तिरकं अक्षर.
मी ती पावती पुन्हा जागेवर ठेवली.
वकील म्हणले होते, तीस वर्षांचा सर्च काढा.
काढते.
तीस वर्षांच्या जरा मागं गेलं
की आमच्या गावात सर्च काढायला घरच नव्हतं.

यादीतलं शेवटचं मी यादीत लिहिलं नव्हतं.
"आतली खोली एकटीच बघते," म्हणलं.
खिडकी लावली, पडदा ओढला,
जिथं खाट येईल तिथं उभी राहिले
आणि डोळे मिटले.

मी तेव्हा सात वर्षांची.
माळवदाचं घर. माझ्या वाकळेपासून दारापर्यंत
चार पावलं.
चारच.
तरी.

एक, दोन, हात पुढं,
पाचव्याला भिंतीचा कोपरा, डावीकडं वळायचं,
आठ, नऊ,
पायाला उंबरा लागला.

"दहा ना?" बाहेरून आवाज आला. "उंबरा धरून."

डोळे उघडले तर बिडवे सर दारात,
हातात चष्मा, नजर फरशीवर.
"कडी खाली घेतलीय मी. लेकराचा हात पुरावा म्हणून.
तुम्ही वर लावू नका."

मी गाव विचारलं. त्यांनी सांगितलं.
त्यांनी विचारलं. मी सांगितलं.
दोन गावांमधी तेरणा.
पुढं कुणी काही विचारलं नाही.

मिस्त्री उगीच छताकडं बघत राहिला,
जसं काही तिथं काही लिहिलंय.

मग सर खुर्ची ओढून बसले.
"बोअर संक्रांतीपर्यंत. पुढं टँकर, आठ दिवसाला एक.
मागची भिंत ओल धरती.
रंग पोरानं द्यायला लावला, पुण्याहून, फोनवर.
कॉलम मात्र मी उभं राहून भरून घेतलेत.
सळई मोजून.
रात्री कंदील घेऊन परत मोजून."

आता वाटेल, त्यांनी भाव सोडला असंल.
एक रुपया सोडला नाही.
दोन तास बसलो, दोनदा चहा झाला,
मी ओल म्हणायचे, ते सळई म्हणायचे.

बार्शी रोडला लागल्यावर मिस्त्रीनं खिसा चाचपला.
"गोटी राहिली की तिथंच."
मी गाडी हळू केली.
"राहू द्या," तो म्हणला,
"परत यावंच लागंल."