लक्ष द्यायचा चौकोन

भोसरीत गुरुवारी वीज जाते,
म्हणून लांबची चाचणी आम्ही शुक्रवारी लावतो.
या शुक्रवारी ट्रकचा एक ब्रॅकेट होता,
तळहाताएवढा, निर्ढावलेला.
मी त्याला पांढरा रंग दिला, वाळू दिला,
मग जुना टूथब्रश काळ्या रंगात बुडवून
अंगठ्याने दाते मागे ओढत
शिंतोडे उडवले त्याच्या अंगावर.
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा दिसायला लागला.
प्रत्येक ठिपका कॅमेरा ओळखून ठेवतो
आणि कोण कुणापासून केसभर सरकलं
ते सांगतो. एवढंच त्याचं काम.

दर तीस सेकंदांनी एक फोटो.
रात्री दहा ते सकाळी सहा, नऊशे साठ.
मशीन धडधडत राहतं, धातू सोसत राहतो,
आणि मी वाकडला माझ्या घरी झोपलेली असते,
हे या सगळ्यातलं सुख.
पूर्वी इथे रात्रभर माणूस बसायचा, भिंग घेऊन.
आताही बसतो. रोहिदास फुगे.
भिंग तेवढं गेलं, रजिस्टर राहिलं.

शनिवारी आले तर ब्रॅकेट दोन तुकड्यांत.
कॅमेरा सहापर्यंत काढतच बसला होता
तुटलेल्याचे फोटो.
मी उलटी निघाले, शेवटून पहिल्याकडे,
हरवलेली किल्ली शोधत माणूस आल्या वाटेने जातो तशी.
सहाशे एकोणसत्तर: भेग, बोटभर.
सहाशे: नखाएवढी.
साडेपाचशे: म्हटली तर आहे.
पाचशे बेचाळीस: दोन ठिपके, इतका वेळ शेजारी,
आता एकमेकांकडे पाठ करून.
वेळ दोन एकतीस. सापडलं.

तिथेच थांबायला हवं होतं.

पण मशीनपुढच्या काचेत, डावीकडे खाली,
एक खुर्ची उमटली होती. खुर्चीत फुगे.
हनुवटी छातीवर, एक चप्पल पायातून निसटलेली.
पाचशे दहामध्ये तशीच चप्पल. पाचशेमध्ये तशीच.
चारशे ऐंशीला ते नुकते टेकत होते.
रजिस्टर उघडलं:
दोन वाजता ठीक. अडीच, ठीक. तीन, ठीक.
तिन्ही एकाच दमात लिहिलेले,
तिन्ही वेलांट्यांचा कल एकच.

आणखी मागे का गेले, माहीत नाही.
तीनशे नव्वदपासून सगळं धुरकट होत गेलेलं,
लेन्सवर कसलीशी तार, कोळ्याची असावी.
चारशेव्या फोटोत ब्रॅकेट नाही, मशीन नाही,
चौकटभर निळ्या चौकड्या:
फुग्यांचा रुमाल.
चारशे एकला लख्ख.
रजिस्टरमध्ये याची नोंद नाही.

आणि सहाशे सत्तरला खुर्ची रिकामी.
गिरणी थांबली की
डब्याशेजारी डुलक्या घेणारी माणसं दचकतात,
तसे उठले असणार, त्या शांततेने.

ग्राहकाला अहवालासोबत सगळे फोटो लागतात.
जुबेरने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे:
माउसने चौकोन ओढायचा,
की आतलं तेवढं मोजलं जातं, जपलं जातं,
बाहेरचं हिशेबात नसतं.
मी चौकोन ओढला, ब्रॅकेटच्या कडेला घट्ट.
काच गेली, खुर्ची गेली, चप्पल गेली.
चारशे नंबरचा फोटो मात्र
कितीही कापला तरी रुमालच राहिला.
तो तसाच जाऊ दिला.

फुगे हेल्मेट काखेत धरून दारात थांबले.
"मॅडम, कधी गेलं ओ?"
"दोन एकतीसला सुरुवात."
त्यांनी जरा वेळ मान हलवली,
मग म्हणाले,
"हां. आवाज बदलला होता तेव्हा."