उरलेला वेळ

डिचोलीच्या दुकानात दुपारी शटर अर्धं ओढून
मी डी-ड्राइव्हमधली जत्रा एफ-ड्राइव्हमध्ये नेतो आहे.
कट नाही करत. कॉपी.
मध्येच वीज गेली तर
ना या तीरावर, ना त्या.
एकदा असंच एक अख्खं लग्न बुडालंय माझ्याकडून,
मये गावातलं. अजून त्या वाटेनं जात नाही.

जुनी डिस्क कट्कट् करते
अडकित्त्यासारखी.
उरलेला वेळ: अकरा मिनिटं.
मग दोन तास.
मग परत चार मिनिटं.

एक फाइल हलत नाही:
‘नाटक_फायनल_२_खरं’.
त्या वर्षी माइक चुकून विंगेत लागला होता,
म्हणून राजा पुसट, प्रधान पुसट,
प्रॉम्प्टर फटू मास्तर तेवढे खणखणीत.
प्रत्येक वाक्य आधी त्यांचं,
मग कुणाचंतरी.

मास्तर श्रावणात गेले.
त्यांची सून पेनड्राइव्ह ठेवून गेलीय
काजूच्या रिकाम्या पुडीत गुंडाळून.
‘आवाज आला तरी पुरे,’ म्हणाली.

नव्व्याण्णव टक्के.
इथंच थांबलंय मघापासून.
मी पंखा बंद करतो, उगाच,
आतून कुणी पुढचा शब्द
हळूच सांगेल म्हणून.