सतरावं पान

डिचोलीच्या गटविकास कार्यालयासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
कागद वाचायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम.
पण काचेवर पालथा घालताना डोळा पडतोच,
शेजारच्या परसात पडतो तसा.

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या आठवड्यात
शिपाई रघुवीर एक अहवाल घेऊन आला.
चार प्रती, म्हणाला, आणि कुणाला दाखवू नको.
एकेचाळीस पानं. खारवाड्याच्या मानशीचं नवं दार:
मट्टीच्या बारा फळ्या, लोखंडी पट्ट्या, मजुरी,
बिल मंजूर, पैसे उचललेले, सह्या दोन.
सतरावं पान यंत्रात अडकलं, तिरकं निघालं,
डावीकडच्या ओळी कापलेल्या.
चांगली प्रत रघुवीरने नेली.
तिरकं पान रद्दीत राहिलं,
आणि रद्दीच्या पाठीवर मी उधारी लिहितो.

मग शेवंती चोडणकर यायला लागली,
दर बुधवारी, पहिल्या बसने, बाजाराची टोपली घेऊन.
पूर्वी टोपलीत कोरगुटाचे उकडे तांदूळ असत.
आता नुसत्या तिसऱ्या.
मानशीचं दार कुजलं, खारं पाणी आत शिरलं,
पेरलं होतं तिथे बगळे उभे आहेत, म्हणाली.

अर्जाची झेरॉक्स.
तीस दिवसांनी उत्तराची झेरॉक्स:
चौकशी चालू आहे, देता येत नाही.
अपिलाची झेरॉक्स.
त्याचं उत्तर: अहवालात तिसऱ्या माणसाची माहिती आहे,
त्याची संमती नाही.
"तिसरा कोण रे?" तिने मला विचारलं.
"पहिली मी. दुसरं सरकार.
मग खाल्लेनी तो तिसरा?"
मी टोनरचा डबा हलवत राहिलो.

पणजीला आयोगाकडे दोनदा जाऊन आली.
एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल रजेवर.
मी तिच्याकडून पानाचे दोन रुपये घेत राहिलो.
सुटे नसले की लिहून ठेवायचो.
कुठल्या कागदावर, ते तिला माहीत नव्हतं.
मला होतं.

काल तिला अहवाल मिळाला.
ब्याऐंशी रुपये भरले, पावती घेतली,
गठ्ठा पदराखाली धरून सरळ माझ्याकडे.
ती चौथी शिकलेली, मराठीतून. अहवाल इंग्रजीत.
पण काळी शाई कुणालाही वाचता येते:
जिथे जिथे नाव, तिथे तिथे डांबर.
"कुणापासून लपवलीत ही नावं?" ती हसली.
"वाड्यावरचं शेंबडं पोर सांगेल."
मग गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.
"पानां मेज रे बाबा."

मेजली. चौदा, पंधरा, सोळा, अठरा.
बोट ओलं करून पुन्हा मेजली.
चाळीस.

ती बाकावर बसली. टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं.
एक तिसरी उघडली होती, ती वेचून गटारात टाकली.
"एका पानासाठी आणखी एक अर्ज," म्हणाली. "लिहून दे."
रस्त्यापलीकडे रघुवीर चहा फुंकत होता,
नजर बशीत.

मी खण ओढला.
रबरबँडखाली वरून तिसरा कागद:
शेवंती सहा, शेवंती चार, शेवंती बारा.
मागच्या बाजूला तिरक्या ओळी.
पाहणीच्या दिवशी मानशीला जुनंच दार आढळलं,
नवी फळी एकही नाही.
आणि उजव्या टोकाला, जिथे यंत्राने काही कापलं नव्हतं,
दोन नावं, डांबर लागण्याआधीची,
वडिलांच्या नावासकट.

"अर्ज राहू दे," मी म्हटलं.
"आधी ही तुझी उधारी. कागद घरी घेऊन जा, नीट तपास.
हिशेब तुझा आहे.
पाठीवर काय आहे, मी वाचलेलं नाही."

तिने कागद उलटा केला. सुलटा केला.
माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे.
"किती झाले?"
"बावीस."
कनवटीची गाठ सोडून तिने बावीस रुपये मोजले,
नाणी, एकावर एक.
आणि मी ते घेतले.