प्रतिसादक क्रमांक सतरा

मासेनोत विषुववृत्त रस्ता ओलांडतं
बकरीसारखं, दोन्हीकडे न बघता.
तिथून चारशे पावलांवर
वनस्पतिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा.
दर मंगळवारी साडेचारला आम्ही तिथे पाच जण.
खरं तर चार.
बरासाची खुर्ची धरून पाच.

इथे दिवस वर्षभर एकाच मापाचा.
प्रबंधाला किती काळ लोटला
ते ऊन सांगत नाही.
ते सांगतं चेरोपचं बाळ:
पहिल्या प्रकरणाच्या वेळी पोटात होतं,
आता टेबलाखाली बसून
माझ्या संदर्भसूचीचं पान चावतंय.

नियम दोनच.
वाचण्याआधी माफी मागायची नाही.
आणि ऐकून झाल्यावर
‘छान आहे’ म्हणून सुटायचं नाही.
वेकेसा मोबाइलवर पंचवीस मिनिटं लावतो,
मग फक्त कळांचा आवाज,
वाळत घातलेल्या मासळीवर
कोंबडी चोच मारत फिरावी तसा.
वेकेसाचा विषय उसावरची कीड.
गेले चार महिने त्याचं घोडं
एका ‘तथापि’पाशी अडलंय.
आम्ही त्याला तथापि म्हणतो.
तो ओ देतो.

त्या मंगळवारी पाळी माझी.
मी वाचलं:
‘ओमेना मासळीची विक्री डब्याच्या मापाने केली जाते.
भाव पहाटे ठरवला जातो.
होडीवाल्यांकडून उधारी नाकारली जाते,
असे आढळून आले.’

‘कोणाला आढळलं?’ अपोंडीने विचारलं.
‘संशोधकाला.’
‘ती कुठे असते?’
चेरोपने बाळाच्या तोंडातून कागद काढला,
पुसला, माझ्यापुढे ठेवला.
‘सगळं नुसतं जातं, जातं, जातं.
जाणारं माणूस कुठाय?’

मला राग आला.
मी तटस्थतेबद्दल बोलले,
मार्गदर्शकांच्या हिरव्या पेनाबद्दल बोलले,
बरंच बोलले.

अपोंडी परिशिष्ट चाळत होती.
‘सतरा नंबरची बाई तेवढी दिसते,’ ती म्हणाली.
‘बाकीच्या उत्तरं देतात.
ही मधेच मुलाखत थांबवते
आणि तुला विचारते,
जेवलीस का?’

तेवढ्यात वीज गेली.
बरं झालं.

‘ती माझी आई.’

किसुमूच्या बाजारात, तिच्या फळीसमोर,
मी रेकॉर्डर धरून बसले होते
आणि ती म्हणाली होती,
नाव नको घालूस,
पण माझं माप खोटं नाही, एवढं लिही.
मी ते लिहिलं नाही.
ज्या डब्याने मोजून मोजून माझी फी भरली गेली
(पुन्हा तेच: भरली गेली!
तिने भरली),
त्या डब्याला मी पान एक्याऐंशीवर
‘अप्रमाणित मापन’ म्हटलं आहे.

कुणी पाठीवर हात ठेवला नाही.
कुणी ‘असू दे’ म्हणालं नाही.
अंधारात वेकेसाचा आवाज आला, ‘तथापि?’
आणि त्याने पंचवीस मिनिटं लावली.

लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के बॅटरी.
मी लिहिलं, माझी आई ओमेना विकते.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.
कर्ता हजर, क्रियापद जागेवर,
शाळेच्या पहिल्या पाटीवर असावं तसं वाक्य,
आणि मला पुढचं सुचेना.
मार्गदर्शक ते तळटिपेत ढकलतील कदाचित.
किंवा विचारतील, याचा पुरावा काय?
काय देऊ? माझ्या दप्तराचा वास?

बाहेर मोटरसायकल थांबली.
आठ महिन्यांपूर्वी बरासाने प्रबंध बांधून ठेवला
आणि याच रस्त्यावर भाडी मारायला लागला,
दिवसातून वीसदा विषुववृत्त ओलांडत.
दारात आता तो, काखेत हेल्मेट,
घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद.

‘एकच परिच्छेद आहे,’ तो म्हणाला,
‘तोही काही फार—’

‘माफी नाही,’ आम्ही चौघं एकदम ओरडलो,
आणि बाळ दचकून रडायला लागलं.