पडद्याचा शर्ट

खणभागातल्या माझ्या दुकानात
माणूस आत आला की मी आधी खांदे बघतो.
चेहरा नंतर. नाव पावतीपुरतं.
बेचाळीस वर्षं टेप गळ्यात आहे,
त्यामुळे कोण कसला कपडा घालणार
हे मला विचारावं लागत नाही,
असं मी समजायचो.

गणपती झाल्यावरचा आठवडा. काम थंड.
भूपाल मगदूम आला, मार्केट यार्डातला तोलार,
कानाच्या मागंसुद्धा हळद.
काखेतलं पुडकं टेबलावर उलगडलं:
निळं कापड, त्यावर वीत वीत मोर.
पडद्याचं. बघताच ओळखलं.

'खिडकीचं माप आणलंय?'
'खिडकी कशाला? शर्ट शिवायचाय.'
'कुणाला?'
'मला की ओ.'

मी चष्म्यावरून पाहिलं.
पंचावन्नचा गडी, मिशी पांढरी, पायात टायरची चप्पल.
वाटलं, थोडी घेतलेली असावी.
वाटलं, कुणाशी पैज हरला असावा.
वास घेतला. हळदीशिवाय कसलाच नव्हता.
'मगदूम, पांढरं टेरिकॉट दाखवू? शोभून दिसेल.'
'पांढरं हाय की. पाच हायती.
ह्यो मोर आवडला.'

पावतीवर लिहिलं: पडद्याचा शर्ट, एक.
कारागीर हसला. मीही हसलो,
तो पायरी उतरायच्या आत.
त्याला ऐकू गेलं. ते मला माहीत आहे.

शिवताना मात्र मोरानं घाम काढला.
बटणपट्टीवर चोच तुटू नये,
खिशावर पिसारा जुळावा,
पाठीवरच्या दोघांनी एकमेकांकडं बघावं,
रुसल्यासारखं तोंड फिरवून बसू नये.
कित्येक वर्षांत कुठल्या कापडानं
मला एक प्रश्न विचारला नव्हता.
पांढऱ्या टेरिकॉटचं काय, उलटं धरा, सुलटं धरा.

ही गोष्ट मी सांगायला लागलो
की ऐकणारे पुढं सरकतात.
म्हणतात, मग तो मगदूम लखपती निघाला असेल?
नाही. तोलारच आहे. भाड्याच्या दोन खोल्या.
मग बायको वारली असेल, पडदा तिच्या आवडीचा?
बायको ठणठणीत आहे. सगळ्यात जास्त तीच हसली.
मग आतून कलावंत-बिलावंत?
बेसूर आहे. यार्डात त्याला कुणी गाऊ देत नाही.
मोर आवडला. एवढंच.

एवढ्यावर त्यांचा चहा निवतो.
जणू रंगीत शर्ट अंगात घालायला
माणसाकडं आधी एखादं दुःख हवं,
नाहीतर पासबुक.

परवा सौद्याच्या वेळी यार्डात गेलो.
पोत्यांच्या थप्प्या, पांढऱ्या शर्टांची गर्दी,
दुपारपर्यंत सगळे सारखेच पिवळे.
त्यात हा. पिसाऱ्यावर हळद बसून
निळ्याचा हिरवा झालेला.
लांबूनच ओरडला,
'साबण लावला की लाल हुतोय बगा,
उन्हात टाकला की परत निळा.
एका कापडात तीन शर्ट!
तुमाला शिलाई कमीच दिली.'

उरलेलं अर्धं मीटर मी त्याला परत दिलं नव्हतं.
शिंप्याची जुनी खोड.
रात्री माझं राखाडी जाकीट उसवलं
आणि आतून मोराचं अस्तर लावलं.
बाहेरून दिसत नाही.
सध्या एवढंच धाडस आहे माझ्याकडं.

पण आता कुणी काहीही उलगडलं टेबलावर,
तर 'कुणाला?' जिभेवर येतो,
जुना शब्द आहे, येणारच,
तो मी दातात सुई धरावी तसा धरतो,
टेप काढतो
आणि विचारतो,
खिसा कुठल्या बाजूला?