तुटक रेषा

काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षा रेंगाळते,
लोक वाकून विश्वामित्रीत मगर शोधतात.
मला शोधावी लागत नाही.
ती काहीच करत नसते. काठावर पडून असते,
तोंड उघडं.
मी पर्स मांडीवर घट्ट धरते. पर्समध्ये चार चिकू
आणि बीपीचं मशीन.

मोरूकाका कारेलीबागेत, हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत.
लग्न नाही, मूल नाही, ऐंशी पूर्ण.
रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, पेन्सिल अजून ब्लेडनंच तासतात.
"माझ्यामागं सगळं कुंदाचं," असं त्यांनी
माझ्या लग्नात, श्रीखंड वाढताना, चारचौघांत सांगितलं.
तेव्हा मी हसले होते.
पुढं त्या वाक्यावर उधार आणू लागले.

दोन नवरात्रं गरब्याविना गेली,
भाड्यानं द्यायच्या तीनशे चणियाचोळ्या पोत्यांत, आरशांसकट.
एक कार्ड भरायला दुसरं,
दुसऱ्याला तिसरं, मग भिशी, मग पाटल्या,
हेरंबला म्हटलं, पॉलिशला टाकल्यात.
थोडेच दिवस, असं स्वतःला सांगायचे.
कुणाचे थोडे दिवस, ते सांगायचे नाही.

पाच तारखेला हप्ता चुकतो,
सहा तारखेला मी काकांकडे.
एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.
छान आहे काका, म्हणते, डायरीत लिहिते,
आणि पोटात पायरी चुकल्यासारखं होतं.

मार्चात त्यांना न्यूमोनिया झाला. सात रात्री उशाशी होते.
पोटची पोर करणार नाही इतकं केलं, सगळे म्हणाले.
पाचव्या रात्री, सलाईन थेंब थेंब,
मी कुठल्या तारखेला व्याज थांबेल ते काढलं.
ते बरे झाले. मी पेढे वाटले.
मलाही गोड लागले, हे कुणाला पटवू?

आज मशीन काढलं तर म्हणाले, राहू दे.
"तुझा तो भरूचवाला भला माणूस आहे."
कोण?
"वसुलीवाला. फॉर्मवर माझा नंबर दिलायस ना.
दर गुरुवारी करतो. चार महिने झाले.
काका, बेन पैसा क्यारे आपशे?
मी सांगतो, देईल. मी अजून आहे."

पंखा फिरत होता.
कॅलेंडरचं पान उठत होतं, बसत होतं.

रडायला सवड दिली नाही. म्हणाले, काढ कागद,
पर्समध्येच असतील.
होते.
टेबलावर ट्रेसिंग पेपर ताणला, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी.
एक चौरस सेंटिमीटर म्हणजे हजार रुपये.
घराचा काढतात तसा माझ्या कर्जाचा नकाशा काढला:
ही सोन्यावरची खोली, ही दुकानावरची, हा भिशीचा बोळ,
आणि छत्तीस टक्क्यांचं कार्ड, बारकंच,
"पण गळती इथून आहे. ही आधी बुजव."
नऊशे चाळीस. खोडरबरानं पुसून पुन्हा मोजलं.
मग त्याच मापात स्वतःची ठेव.
दोनशे साठ. एका कोपऱ्यात बसली, स्वैपाकघराएवढी.
"मार्चात गेलो असतो तरी एवढंच."

आणि हे घर?
हो, मी विचारलं. तेव्हासुद्धा विचारलं.
त्यांनी पट्टी ठेवली, तुटक रेषेनं एक चौकोन काढला.
"जे आहे पण धरायचं नाही, ते तुटक.
इथं मी राहतो."

चणियाचोळ्या जातील आता, वजनावर.
दुकानाची चावी परत द्यायची.
हेरंबला सांगायचं, ते कुठल्या मापात काढावं
ते काकांनाही येईना. पेन्सिल कानावर ठेवून बसले.

चिकू कापले. एक कच्चा निघाला,
चीक ओठांना लागला, निघेना.
तेवढ्यात फोन.
काकांनी चष्म्यावरून नंबर पाहिला, उचलला नाही.
नकाशावरून सरकवत माझ्यापुढे ठेवला.
मी चार वेळा वाजू दिला.

"हा भाई," म्हटलं,
"हुं ज बोलुं छुं."