अभिरूप मतदान

पहाटे साडेपाचला यंत्र उघडून दाखवायचं असतं
की आत कोणी नाही, शून्य आहे.
केंद्र कर्वेनगरात, महापालिकेची शाळा, खोली क्रमांक चार.
मी हडपसरची. इथली एक गल्ली मला ठाऊक नाही.
दिवे लावले ते करबीर साउदने.
कुठला फ्यूज उडतो, कुठल्या बाकाचा पाय हलतो,
पाणी कधी येतं आणि कधी येतं असं नुसतं म्हणतात,
सगळं त्यालाच विचारायचं.
एकोणतीस वर्षं याच फाटकाशी.
ठेकेदार सात झाले, रखवालदार एकच.

अभिरूप मतदान म्हणजे खोटं खोटं.
पन्नास मतं टाकायची, मोजायची, पुसायची.
उमेदवारांचे प्रतिनिधी आले होते तीन:
एक झोपेत, एक फोनवर,
तिसरे घैसास, निवृत्त, मफलर, घरून आणलेली पट्टी.
बोटं कमी पडायला लागली तशी
चहाची किटली ठेवून निघालेल्या करबीरला मी म्हटलं,
दाबा हो तुम्हीही एकदा.
नियमात बसतं का, ते बघितलं नाही.

त्याने पँटला हात पुसले,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.
लपवण्यासारखं काही नव्हतं तिथं, मत खोटंच होतं,
तरी मान खाली घातली, पाठ आमच्याकडे केली
आणि वेळ लावला.
इतका, की फोनवरच्याने फोन कानापासून दूर धरला.
मग यंत्र वाजलं, लांब.
"काय हो, कुणाला?" घैसास.
"ते सांगायचं नसतं ना, साहेब?"

घैसास हसले, मग हसू आवरून मला म्हणाले,
"गंमत म्हणून ठीक. पण खरंखुरं नको, मॅडम, स्पष्ट सांगतो.
आधीच याद्यांचा हा घोळ. उद्या कोणीही
दोन खोल्यांत शंभर माणसं आणून बसवेल.
आणि ज्याचा एक पाय तिकडे,
त्याचा जीव इथल्या गटाराला कसा लागायचा?"
गटार तुंबलं तेव्हा आत कोण उतरलं होतं
हे बहुधा त्यांना आठवलं. थांबले.
चहाचा घोट घेतला.
आणि कोणी विचारलं नसताना:
"आमचा निनाद आइंदहोव्हनला. सहा वर्षं झाली.
पासपोर्ट आपलाच आहे अजून.
तिथल्या नगरपालिकेला मत देऊन आला.
लाल पेन्सिल असते म्हणे तिकडे."
फोटो दाखवला. मला, झोपेतल्याला,
करबीरलाही.
"छान आहे की," करबीर म्हणाला.

तुमचं गावी नाव असेल ना यादीत, मी विचारलं.
असेल. अछामला जायला तीन दिवस.
"आणि गेलो तरी, मॅडम, द्यायचं कुणाला?
तिथला नळ आता कुठं आहे तेच मला माहीत नाही."

देशाचं मत वेगळं असेल. असू दे.
युद्ध, सीमा, नोटा, ते सगळं मोठ्या घराचं.
घैसासांची भीतीही काही अगदीच खोटी नाही,
याद्या मी पाहिल्यात.
पण नळाचं मत?
पुस्तिकेत शोधलं. छत्तीस पानं.
मेणाच्या लाखेवरच दीड पान आहे.

मोजली तर एक्कावन्न.
मग पुसली.
सगळ्यांचीच पुसली, घैसासांचीही,
त्यांना साडेसातनंतर परत टाकता येणार होती.
"यंत्र रिक्त केले आहे," मी सही केली,
वेळ घातली, सहा सत्तावीस.

दिवसभर तो चाकाच्या खुर्च्या उतारावरून चढवत होता.
म्हातारी माणसं त्याच्या दंडाला धरून आत यायची,
दंड दाराशी सोडायची.

रात्री पेट्या गेल्यावर पाहिलं, तो फळ्याशेजारचं
चित्र काढत होता. सूर्य, इमारती, रांग,
आणि वर रंगवलेलं: माझे मत, माझा अधिकार.
ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही.
खाली नाव, कु. पबित्रा करबीर साउद, सातवी ब.
पबित्रातला ब कोणीतरी लाल पेनाने खोडून
व केला होता.
नखाने चिकटपट्टीचं टोक शोधत होता तो,
हळू, कागद फाटू नये म्हणून.
मी माझी पिशवी उचलली.
पुन्हा खाली ठेवली, आणि दुसरं टोक धरलं.